टुंड्रा जळल्यावर पुन्हा हिरवा होतो, मग बिघडतं काय?

प्रश्न थोडक्यात असा: उपग्रहांच्या नोंदींवरून आर्क्टिक प्रदेश, म्हणजे तिथला झाडं नसलेला थंड टुंड्रा, हिरवा होत चालला आहे, असं वाचायला मिळतं. आग लागून गेलेल्या भागातही चार-पाच वर्षांत हिरवळ परत येते. आपल्याकडे सह्याद्रीत वणवा लागतो, डोंगर काळा पडतो आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा गवत उगवतं. टुंड्रातही तसंच होत असेल, तर वणवे आणि तापमानवाढ यांनी तिथल्या वनस्पतींचं नेमकं काय बिघडतं?

माझं काम याच विषयातलं आहे. बहुतेक उन्हाळे अलास्काच्या उत्तर उतारावर (ब्रूक्स पर्वतरांगेपासून आर्क्टिक समुद्रापर्यंतच्या प्रदेशात) जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिरवळ परत येते हे अगदी खरं आहे. पण जी परत येते ती बहुतेक वेळा आधीची नसते. सह्याद्रीत गवताखाली कातळ आणि माती आहे. वरचं गवत जळलं म्हणून कातळ जागचा हलत नाही. टुंड्रात खाली गोठलेली जमीन आहे, आणि ती गोठलेली राहते ती बऱ्याच अंशी वरच्या वनस्पतींच्या जोरावर. वरचा थर गेला की खालची जमीनच बदलायला लागते, आणि बदललेल्या जमिनीवर वेगळ्या वनस्पती येतात. म्हणून नुसता हिरवा रंग मोजून काही कळत नाही. पायाखाली काय चाललंय ते पाहावं लागतं.

आधी हा वरचा थर कसा असतो ते सांगते. उत्तर उतारावरच्या टुंड्रात सगळ्यात वर कापूसगवताचे ठोंब असतात, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उंचीचे. त्यांच्या मधल्या खोलगट जागेत मॉस (शेवाळासारखी बुटकी, मऊ वनस्पती) आणि लायकेन. (मसाल्यातलं दगडफूल हे लायकेनच.) मधूनमधून बुटका बर्च, वाळुंजाच्या कुळातली खुरटी झुडपं, क्लाउडबेरी. मॉसच्या खाली त्याच मॉसचा अर्धवट कुजलेला, तपकिरी, स्पंजसारखा सेंद्रिय थर, म्हणजे पीट. त्याखाली खनिज माती, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा साधारण 30 ते 50 सेंटिमीटरवर पर्माफ्रॉस्ट, कायमची गोठलेली जमीन. आम्ही पोलादी सळई दाबत जातो आणि ती टक्कन जिथे अडते तिथपर्यंतची खोली लिहून घेतो. टुंड्रातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात कामाचं मोजमाप हेच.

पूर्वी बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात ठेवत, कारण भुसा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. मॉस आणि पीट यांचं काम असंच आहे, पण त्यात एक खुबी आहे. उन्हाळ्यात मॉसचा वरचा भाग कोरडा होतो, त्यात हवा भरलेली असते, त्यामुळे उष्णता खाली उतरत नाही. शरद ऋतूत तोच थर भिजतो आणि मग गोठतो. ओला, गोठलेला पीट उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे जमिनीतली ऊब सहज बाहेर निघून जाते. म्हणजे हा थर उन्हाळ्यात दार लावून घेतो आणि थंडीत उघडतो. शिवाय ओल्या मॉसमधून पाणी उडून जातं तेव्हा पृष्ठभाग थंड राहतो तो वेगळाच. काही सेंटिमीटर जाडीचा हा थर गेला, की या तिन्ही गोष्टी एकदम जातात.

आता आगीकडे येते. या विषयात ज्या आगीचं नाव सतत घेतलं जातं ती उत्तर उतारावरची, 2007 ची अनाक्टुवुक नदीची आग. 16 जुलैला वीज पडून ती लागली. बरेच आठवडे ती छोटीच होती, धुमसत राहिली. त्या वर्षी उन्हाळा विलक्षण उबदार आणि कोरडा होता. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फही त्याच सप्टेंबरमध्ये तोवरच्या नोंदींतल्या नीचांकाला गेला होता. एरवी सप्टेंबरमध्ये टुंड्रा ओला असतो. त्या वर्षी नव्हता. वारा सुटला आणि आग पसरली, ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला बर्फ पडल्यावरच विझली. जळालेलं क्षेत्र 1,039 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीहून जास्त. तिथल्या तळ्यांच्या गाळातला कोळसा तपासला गेला, तेव्हा मागच्या सुमारे 5,000 वर्षांत त्या भागात अशी आग लागल्याचा पुरावा सापडला नाही.

किती जळलं हे मोजायची पद्धत मला फार आवडते. कापूसगवताचा ठोंब आगीतून वाचतो. त्याचे वाढीचे कोंब आत, दाट ओल्या पानांच्या तळाशी लपलेले असतात. ज्वाळा वरून निघून जातात, बाहेरची वाळलेली पानं जळतात आणि गाभा शाबूत राहतो. भोवतीचा मॉस आणि पीट मात्र जळून खाली गेलेला असतो. न जळलेल्या टुंड्रात ठोंबाचा माथा मॉसच्या किती वर असतो ते आपल्याला माहीत असतं. जळलेल्या भागात तो किती उघडा पडलाय ते मोजायचं. फरक निघाला की तेवढा थर गेला. म्हणजे ठोंब ही जागच्या जागी रोवलेली मोजपट्टीच. या रीतीने सरासरी सहा सेंटिमीटरच्या आसपास थर जळल्याचं निघालं.

सहा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यातून दर चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो कार्बन हवेत गेला, एकूण सुमारे 21 लाख टन. विसाव्या शतकाच्या शेवटच्या 25 वर्षांत अख्खा आर्क्टिक टुंड्रा मिळून वर्षाला सरासरी जेवढा कार्बन शोषत होता, जवळजवळ तेवढा एकट्या या आगीने परत केला. जळलेल्या थराचं वय काढलं तर ते 50 वर्षांच्या आतलं निघालं. त्याखालचा, शेकडो-हजारो वर्षं जुना कार्बन त्या खेपेला वाचला. तो पुढेही वाचेल का, हे वरचा थर किती लवकर भरून येतो आणि पुढची आग कधी लागते यावर आहे.

त्यानंतर हिरवळ आली. दुसऱ्याच उन्हाळ्यात ठोंबांमधून हिरवी पाती फुटली. आगीनंतर कापूसगवत जोरात फुलतं, कारण राखेतून पोषक द्रव्यं मिळतात आणि जमीनही जास्त गरम असते. काळ्या जमिनीवर लांबच लांब पांढरे बोंड हलताना दिसतात. क्लाउडबेरी जमिनीखालच्या खोडांतून फुटते, बुटका बर्च आणि वाळुंज बुडख्यातून. चार वर्षांत अशा वनस्पतींचं आच्छादन बऱ्यापैकी भरून आलं होतं, आणि उपग्रहाला प्रदेश पुन्हा हिरवा दिसत होता. ‘टुंड्रा सावरला’ असं इथपर्यंत पाहून कुणी म्हटलं तर त्याचा दोष नाही.

पण गुडघे टेकून ठोंबांच्या मध्ये पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. जाड, मऊ मॉसची गादी आणि लायकेन तिथे नसतं. जास्त जळलेल्या जागी काळा पीट उघडा असतो, त्यावर सेराटोडॉनसारखे पातळ, आखूड मॉस आणि मार्केन्शिया हे लिव्हरवर्ट (मॉसच्या नात्यातली चपटी वनस्पती) पसरलेलं. आग गेलेल्या जमिनीवर हे पहिल्यांदा येणारे रहिवासी. त्यांची जाडी नखाएवढी. स्फॅग्नम आणि पिसांसारखा हायलोकोमियम मॉस जे काम करत होते ते यांच्याकडून होत नाही. आणि हा प्रकार उपग्रहाला दिसत नाही, कारण वर ठोंबांची पाती डुलत असतात.

मग सळई खोल जायला लागते. काळा पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो, थर पातळ झालेला, त्यामुळे उन्हाळ्यात वितळणारा भाग खाली खाली सरकतो. जिथे माती आणि खडी आहे तिथे त्याने फार काही होत नाही. काही वर्षांनी मॉस आला की जमीन पुन्हा वर गोठते. पण उत्तर उतारावर बऱ्याच ठिकाणी जमिनीत शुद्ध बर्फाच्या उभ्या पाचरी आहेत, हजारो वर्षांत तयार झालेल्या. त्यांचा माथा वितळला की वरची जमीन खचते, चर पडतात, चरांत पाणी साचतं आणि ते पाणी आणखी बर्फ वितळवतं. यालाच थर्मोकार्स्ट म्हणतात. अनाक्टुवुकच्या जळलेल्या भागाची विमानातून लेझरने 2009 आणि 2014 मध्ये उंचसखल मोजणी झाली. अभ्यासलेल्या जळक्या टुंड्रातली 34 टक्के जमीन खचली होती. शेजारच्या तशाच बर्फाळ पण न जळलेल्या जमिनीत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. आग विझून सात वर्षं झाली होती. वर हिरवळ होती, खाली जमीन बसत होती.

इथून पुढे वनस्पतींचं गणित पाण्याच्या हातात जातं. खचलेल्या चरांत पाणी राहतं, तिथे पाणथळ जागेतलं सेज गवत येतं. चरांच्या मधले उंचवटे निचरा झाल्याने कोरडे पडतात, तिथे झुडपांना संधी मिळते. अलास्काच्या पश्चिमेला सेवर्ड द्वीपकल्पावर 1977 मध्ये मोठ्या आगी लागल्या होत्या. तिथला एक डोंगरउतार 24 वर्षांनी पुन्हा तपासला गेला. पायथ्याला कापूसगवताचा टुंड्रा जवळजवळ पूर्वीसारखा परतला होता; चढावर, जिथे पर्माफ्रॉस्ट खोल गेला होता, तिथे वाळुंजाची झुडपं वाढली होती; लायकेन मात्र कुठेच सावरलं नव्हतं. एकाच आगीत जळलेली एकच टेकडी, पण माथा आणि पायथा यांची उत्तरं निराळी. ‘आगीनंतर टुंड्राचं काय होतं’ याला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

लायकेनबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण ते नेहमी तळटिपेत जातं. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअर, हिवाळ्यात बर्फ उकरून क्लॅडोनिया जातीचं लायकेन खातात. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. त्याला मुळं नाहीत, जमिनीखाली खोड नाही. जळलं की संपलं, बाहेरून तुकडे वाऱ्याने येतील तेव्हा नवी सुरुवात. दोन-तीन दशकांनीही चरण्याजोगा थर तयार होत नाही. पश्चिम आर्क्टिकचा कॅरिबूंचा कळप 2003 मध्ये सुमारे 4,90,000 होता, 2023 मध्ये तो सुमारे 1,52,000 वर आला. याला आगीच कारणीभूत आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. अशा कळपांची संख्या आधीही वर-खाली होत आली आहे, आणि हिवाळ्यात पाऊस पडून होणारं बर्फाचं कवच, शिकारी प्राणी, माणसांचे रस्ते असे बरेच मुद्दे त्यात आहेत. पण तिथल्या मूळ रहिवासी असलेल्या ज्या इनुपियाट कुटुंबांचं वर्षभराचं मांस या कळपातून येतं, त्यांच्यासाठी हिवाळी कुरण जळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ‘हिरवळ आली’ या बातमीत ती मावत नाही.

आता तापमानवाढ. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. आग नसतानाही वनस्पती बदलत आहेत, आणि याचे पुरावे जुने आहेत. 1940 च्या दशकात तेलाच्या शोधासाठी उत्तर उतारावर विमानातून फोटो काढले गेले होते. पन्नास वर्षांनी त्याच जागांचे पुन्हा फोटो घेतले, तेव्हा नद्यांकाठी आणि उतारांवर आल्डर, वाळुंज आणि बर्चची झुडपं दाट झालेली स्पष्ट दिसली. 1990 पासून आर्क्टिकभर ठिकठिकाणी वरून उघडे, पारदर्शक भिंतींचे छोटे कक्ष टुंड्रावर ठेवून आतलं तापमान एक ते तीन अंशांनी वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचा निष्कर्ष बहुतेक ठिकाणी एकाच दिशेचा: झुडपं उंच होतात, पाचोळा वाढतो, मॉस आणि लायकेन कमी होतं. म्हणजे आग ज्यांना झटक्यात मारते, त्यांनाच ऊब सावकाश मागे सारते.

या दोन्हींची गती शेजारी ठेवून पाहायची असेल, तर टूलिक तळ्याजवळच्या संशोधन केंद्रातला एक प्रयोग आठवतो. तिथे 1981 पासून टुंड्राच्या काही तुकड्यांना दर वर्षी खत दिलं गेलं. ऊब वाढली की मातीतलं कुजणं वाढतं आणि पोषक द्रव्यं सुटतात. ती परिस्थिती कृत्रिमरीत्या, अर्थात कितीतरी वाढीव मात्रेने, उभी केली होती. बुटका बर्च असा फोफावला की त्याने बाकीच्यांना झाकून टाकलं. तुकडे हिरवेगार. पण 20 वर्षांनी जमीन खणून हिशेब केला तेव्हा दर चौरस मीटरमागे जवळजवळ दोन किलो कार्बन कमी भरला, कारण खोल थरांतलं कुजणं झुडपांच्या वाढीपेक्षा पुढे गेलं होतं. हा आकडा अनाक्टुवुकच्या आगीच्या आकड्याला जवळपास जुळतो. खताने 20 वर्षांत जे केलं ते आगीने एका हंगामात केलं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात शिकवणारी तुलना हीच आहे, आणि हिरवळ वाढली म्हणजे कार्बन साठला, असं म्हणणाऱ्याला मी नेहमी हीच दाखवते.

झुडपं वाढली की पुढे काय, यावर अजून वाद आहे, आणि वाद खरा आहे. झुडपं हिवाळ्यात बर्फ अडवून धरतात. जाड बर्फाखाली जमीन कमी थंड होते. वसंतात त्यांच्या काळ्या फांद्या बर्फाच्या वर डोकावतात आणि ऊन शोषतात. या दोन्हींमुळे जमीन तापते. उलट सैबेरियात इंडिगिर्का नदीच्या खोऱ्यात बुटका बर्च मुद्दाम छाटून पाहिला, तर छाटलेल्या जागी जमीन जास्त खोल वितळली, कारण उन्हाळ्यातली सावली गेली. म्हणजे झुडूप जमिनीचं रक्षण करतं की नुकसान, हे ऋतू आणि जागा सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

झुडपं आणि आग यांच्या नात्यात भूतकाळ मदतीला येतो. साधारण 14,000 ते 10,000 वर्षांपूर्वी ब्रूक्स पर्वतरांगेच्या दक्षिण बाजूला बर्चच्या झुडपांचा टुंड्रा होता. तळ्यांच्या गाळातल्या कोळशावरून दिसतं की तो सरासरी 144 वर्षांनी एकदा जळत असे. त्या वेळी हवामान आजच्याहून थंड आणि कोरडं होतं. मुद्दा असा की टुंड्रा जळू शकत नाही, ही समजूत चुकीची आहे; जळण आणि कोरडेपणा मिळाला की तो जळतो. तापमानवाढ दोन्ही पुरवते, आणि वर विजाही. या शतकाच्या अखेरीपर्यंत पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशावर विजा दुपटीच्या आसपास वाढतील असा अंदाज आहे. वाळुंज आणि आल्डरची पानं ऐन उन्हाळ्यात ओली असतात, त्यामुळे ती सहज पेट घेत नाहीत हे खरं; पण वसंतात, पालवी फुटण्याआधी, मागच्या वर्षीचं वाळलं गवत आणि पाचोळा तयार असतो. 2022 मध्ये 31 मे रोजी नैऋत्य अलास्कातल्या यूकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात वीज पडून लागलेल्या ईस्ट फोर्क आगीत सुमारे 1,000 चौरस किलोमीटर जळलं. युपिक या मूळ रहिवासी लोकांच्या सेंट मेरीज गावाच्या अगदी जवळ ती पोहोचली होती, काही रहिवाशांना हलवावं लागलं.

सैबेरियाचं प्रमाण आणखी मोठं. 20 जून 2020 ला तिथल्या वर्खोयान्स्क या गावी 38 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. 1982 ते 2020 या काळात सैबेरियाच्या आर्क्टिक भागात जेवढं क्षेत्र जळलं, त्यातलं 44 टक्के शेवटच्या दोनच वर्षांत, 2019 आणि 2020 मध्ये जळलं. शिवाय पीटमध्ये शिरलेली आग बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा डोकं वर काढते, असंही नोंदलं गेलं आहे. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागरांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2024 च्या आर्क्टिक अहवालाने तर स्पष्ट म्हटलं की वणव्यांचा धूर हिशेबात धरला, तर टुंड्रा प्रदेश आता कार्बन साठवत नाही, सोडतो. पर्माफ्रॉस्टच्या जमिनींत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन आहे, हे त्या वाक्यामागचं वजन.

विद्यार्थी विचारतात, भारताच्या ‘हिमाद्री’ केंद्रावर हे पाहता येईल का? गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था 2008 पासून ते नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवर चालवते. तिथला टुंड्रा विरळ आहे, ठोंबांचा नाही, विजा अगदीच क्वचित. म्हणून आगीचा परिणाम तिथे दिसणार नाही. उबेचा परिणाम मात्र आगीची भेसळ न होता पाहता येतो, आणि तेही मोलाचं आहे.

शेवटी, विझवायच्या का या आगी? अलास्कात वस्तीपासून दूरच्या आगी बहुतेक वेळा लक्ष ठेवून जळू देतात. 2023 मध्ये अलास्कातल्याच यूकॉन फ्लॅट्स अभयारण्यात पहिल्यांदाच सुमारे 16 लाख एकर बर्फाळ, कार्बनने भरलेल्या जमिनीवर, केवळ तो कार्बन वाचवण्यासाठी, आगी लवकर विझवायचं ठरलं. तो जंगलाचा भाग आहे, पण विचार टुंड्रालाही लागू पडतो. मला तो पटतो, दोन अटींवर. सगळा टुंड्रा नको, फक्त बर्फाच्या पाचरी असलेले उंच भाग निवडावेत. बाकीच्या ठिकाणी ठोंब स्वतः सावरतात. आणि बुलडोझर अजिबात नको. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराजवळ 1971 मध्ये विकरशॅम डोमला लागलेल्या आगीत आग अडवायला बुलडोझरने पट्टे काढले होते. पुढे मोजलं तर जळलेल्या जागेपेक्षा त्या पट्ट्यांखालीच जमीन जास्त खोल वितळली होती, कारण आगीने निदान काही सेंद्रिय थर शिल्लक ठेवला होता, यंत्राने तो मुळासकट खरवडून काढला होता. टुंड्रात आग विझवायची तर पाण्याने आणि झोडपून, हेलिकॉप्टरने माणसं उतरवून, मॉसला हात न लावता. ते महाग पडतं, म्हणूनच कुठे विझवायची याचे बर्फाचे नकाशे वीज पडण्याआधी तयार हवेत.